चौदा ओळी, पंधरा फेऱ्या

१७ नोव्हेंबर

प्रिय शिट्टी,

टण्ण.

एवढाच आवाज. आधी ठोका, मग त्याची लांबत जाणारी शेपटी, आणि ती शेपटी मैदान ओलांडून पलीकडच्या झाडांच्या रांगेत शिरेपर्यंत सगळं गाव गप्प. शेवटच्या फेरीची घंटा. एकतीस वर्षं झाली, तरी दुपारी जरा डोळा लागला की ती वाजते आणि मी दचकून उठतो. ही विचारते, "काय झालं?" मी म्हणतो, "काही नाही, तास संपला." त्यावर ही म्हणते, "निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली, तुमचा तास काही संपत नाही."

तर नमनाला घडाभर तेल नको. तुझा पत्ता आपल्या जुन्या शिपायाच्या मुलाने शोधून दिला. समुद्राकाठचं गाव, शाळेमागची गल्ली, निळं दार. निळं दार वाचून बरं वाटलं. तू आणि रंग, हे काही जमणारं नव्हतं. तुझ्या आयुष्यात चुन्याच्या फक्कीचा पांढरा तेवढा एकच रंग होता. मुलं तुला शिट्टीसर म्हणायची आणि मला यमकसर. तुला ते नाव आवडायचं. मला माझं आवडत नाही असं मी दाखवायचो.

लिहायला निमित्त झालं ते असं. परवा मुख्याध्यापिका बाई घरी आल्या. आता बाई म्हणायचं, एरवी माझीच विद्यार्थिनी. निबंध लिहिताना समास सोडायला कायम विसरायची ती. म्हणाली, "सर, मैदान खणायचंय. नवीन चारशे मीटरचा ट्रॅक होणार. दोनशे मीटरच्या जुन्या गोलावर जानेवारीत शेवटच्या स्पर्धा घेऊ. मुलींच्या तीन हजारला घंटा तुम्ही वाजवा. ती घंटा म्हणजे तुम्हीच, असं सगळे म्हणतात."

सगळे म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. हो म्हणालो.

तू येशील का? येऊ नकोस म्हटलं तरी चालेल, पण काहीतरी म्हण. त्या वर्षीचा विषय मी काढणार नाही. तूही काढू नकोस. घंटा तेव्हा वाजली तशीच आताही वाजेल, तू फक्त फळीच्या खुर्चीवर माझ्या शेजारी बसायचं.

तुझा,
यमक


५ डिसेंबर

प्रिय शिट्टी,

उत्तर नाही. ठीक आहे. शाळेतही तू मस्टरवर सही करायला दुपार करायचास.

काल सहज मैदानावर जाऊन आलो. सकाळी धुकं होतं. त्या धुक्यात गोल दिसतच नव्हता, नुसता भासत होता, पाठ केलेल्या कवितेसारखा. मी एक फेरी मारली. दोनशे मीटर चालायला मला सहा मिनिटं लागली. तू घड्याळ लावलं असतंस तर म्हणाला असतास, "यमक्या, गोगलगाय पुढे गेली बघ."

आठवतं का तुला, स्पर्धेच्या आदल्या दिवशी फक्की मारायला अख्खं गाव यायचं ते? तू डबा घेऊन पुढे, मागे दोरी धरून दहावीची मुलं, आणि त्यांच्यामागे नको ते सल्ले देणारे बाप. शिंपी धावणाऱ्यांचे आकड्यांचे पट्टे शिवून द्यायचा, एक पट्टा हमखास उलटा. दवाखान्यातल्या नर्सताई साखरपाण्याची बादली घेऊन बसायच्या आणि धावणाऱ्यांपेक्षा बघणारेच जास्त प्यायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रांगेने लावून त्यांचीच गॅलरी. पलीकडच्या गावची शाळा त्यांच्या ट्रॉलीतून यायची, त्यांचे खेळाचे सर काखेत फेऱ्या मोजायची वही घेऊन. आपल्याकडे वही कुठली? आपल्याकडे मी होतो.

ते तूच सुरू केलंस. पंधरा फेऱ्या मोजताना चित्रकलेचे सर दरवर्षी चुकायचे, म्हणून एका वर्षी तू घंटा माझ्या हातात ठेवलीस. मी म्हटलं, "अरे, मला आकडे लक्षात राहत नाहीत." तू म्हणालास, "कविता राहते ना? किती ओळींची आहे ती तुझी ओढ्याची?" चौदा ओळींची. "मग झालं. पुढची पोरगी तुझ्यासमोरून गेली की एक ओळ म्हण. चौदा ओळी संपल्या की वाजव. पंधरावी फेरी शेवटची." तुझ्यासारखा कवितेचा शत्रू, आणि कवितेला असं कामाला लावलं नव्हतं कुणीच.

डोंगरातून आला ओढा, घेऊन ओले पाय;
शाळेपाशी थांबुन पुसतो, बाई, येऊ काय?

आठवी-नववीच्या सगळ्या पोरांना ती पाठ होती. मीच करून घेतली होती, दुसरं काय. चार वर्षं मी त्या चौदा ओळींवर शर्यती मोजल्या आणि एकदाही चुकलो नाही. मग टिटवी आली.

सायकलवाल्याची मुलगी. टिटवीसारखे लांब बारीक पाय आणि बोलणंही तसंच, एका दमात आणि कर्कश. बापाच्या दुकानात चाकाचे आरे सरळ करायची आणि मधल्या सुट्टीत पळायला यायची, हात तेलाने काळे. एकदा मी तिला विचारलं, पळताना मनात काय चालतं? ती म्हणाली, "तुमचीच कविता, सर. एका फेरीला एक ओळ. तुम्ही तिकडे मोजता, मी इकडे मोजते. मग घंटा आणि मी एकदमच येतो." मला त्या क्षणी वाटलं, जगात एवढा वाचक पुरे.

पुढचं लिहायला हात धजत नाही. चहा झालाय, जातो.

तुझा,
यमक


२० डिसेंबर

प्रिय शिट्टी,

तुझं कार्ड आलं. एकच शब्द: "पुढे?"

मी ते चष्मा पुसून तीनदा वाचलं. तुझं अक्षर सुधारलं की रे. 'ढ'ला अशी वरून घट्ट गाठ द्यायची सवय मी माझ्या वर्गातल्या मुलांना लावायचो. तू म्हणायचास, ढ तो ढ, त्याला कसली गाठ. म्हातारपणी शिकलास वाटतं. कार्डावर सही नाही, खुशाली नाही. तरी शिक्का समुद्राकाठचाच आहे आणि विचारणारा तूच असणार. दुसरं कोण विचारील?

तर पुढे.

ऊन कोवळं होतं. मैदानाच्या वरच्या वळणावर दिवस चढला की झाडांमधून ऊन तिरपं सांडतं, ती जागा तुला माहीत आहे. टिटवी पहिल्या फेरीपासून पुढे. तिच्यामागे दहा पावलांवर पलीकडच्या शाळेची ती ठेंगणी मुलगी, केस घट्ट बांधलेली, चेहऱ्यावर काहीच नसलेली. जी जिंकेल ती मोठ्या स्पर्धांच्या शिबिराला जाणार, वर्षभर तिथेच राहून शिकणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. सायकलवाल्याने त्या दिवशी दुकान बंद ठेवलं होतं. त्याचं दुकान बंद मी त्याच्या लग्नानंतर दुसऱ्यांदा पाहत होतो.

एक ओळ, एक फेरी. तू सांगितलेलं तिला, आणि तिने मला सांगितलेलं: दम राखून ठेवायचा, घंटा झाली की सगळा सोडायचा. चौदाव्या ओळीपर्यंत तिने तो राखला. मग घंटा वाजली, गलका एवढा होता की बिचारीला ऐकू आली नाही, ठेंगणी पुढे निघून गेली.

असं मी एकतीस वर्षं सांगत आलो.

शिट्टी, आत्ता हे लिहिताना ही मागे उभी होती. तिने खांद्यावरून वाचलं आणि ताटं पुसायला गेली. जाता जाता म्हणाली, "मास्तरांना पत्र लिहिताय, की चौकशीला उत्तर देताय?"

बरं. खरं लिहितो.

अकराव्या ओळीवर माझं कधीच मन बसलं नव्हतं. तिचं यमक बाराव्या ओळीशी नीट जुळत नव्हतं, लंगडत होतं. तीन वर्षं ती मला दाढेत अडकलेल्या कणासारखी सलत होती. त्या दिवशी टिटवी अकराव्यांदा समोरून गेली, मी ती लंगडी ओळ म्हटली, आणि सहज वरच्या वळणाकडे पाहिलं. तिथे ऊन सांडलं होतं. टिटवी त्या उन्हातून गेली आणि मला ओळ सापडली.

वळणावरती ऊन सांडले, ओंजळ भरून नेली.

बारावी ओळ 'केली'वर संपते. नेली, केली. चोख. तुला काय सांगू, मला कुणी आकाशातून हाक मारल्यासारखं झालं. टिटवी बाराव्यांदा समोरून गेली तेव्हा मी बारावी ओळ म्हणायला हवी होती. मी पुन्हा अकरावी म्हटली. नवी. चाखून बघितली, जिभेवर घोळवली. मग तेराव्या वेळी बारावी. चौदाव्या वेळी तेरावी. कुणाला काही कळलं नाही, मला तर नाहीच. टिटवी माझ्यासमोरून गेली तेव्हा तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हसलो. मला वाटलं, ओळ तिलाही कळली.

पलीकडच्या शाळेचे सर वहीवर टिचकी मारून ओरडले, "शेवटची, शेवटची!" ठेंगणी सुटली. टिटवीने तिला जाऊ दिलं. तिला वाटलं, ही आधीच सुटली, पुढच्या फेरीला दमेल, मग हिला गाठू.

मी चौदावी ओळ म्हटली आणि घंटा वर उचलली. समोर फीत तुटत होती.

मी लोलक मुठीत धरला. गार होता. त्या घंटेचा त्या दिवशी एकही ठोका झाला नाही. दुपारी मला ऐकू येते ती घंटा वाजलीच नव्हती रे.

आणि टिटवी पळतच राहिली. सगळ्यांचं झालं, लोक ट्रॉल्यांवरून उतरले, आणि ती एकटी गोल फिरते आहे, घंटेची वाट बघत. काही जण हसले. मग तू मैदान आडवं ओलांडून धावत गेलास आणि तिच्यापुढे दोन्ही हात पसरून उभा राहिलास.

तुझा,
यमक


४ जानेवारी

प्रिय शिट्टी,

पुन्हा कार्ड. पुन्हा "पुढे?" तू फार कंजूष झालास शब्दांच्या बाबतीत; की मीच उधळ्या आहे म्हणून तुला काटकसर सुचते?

पुढे तुला सगळं माहीत आहे, कारण तिथे तू होतास. पण तुझ्या बाजूने माहीत आहे. माझ्या बाजूने ऐक.

मुख्याध्यापकांची खोली. भिंतीवर नकाशा, त्याच्या खाली आपण सहा-सात जण, आणि दाराशी टिटवी, पायावर माती, हातात पट्टा. नियम पलीकडच्या शाळेच्या सरांनीच वाचून दाखवला. घंटा चुकली असेल तर घंटा वाजवणाऱ्याने तसं लिहून द्यावं, उद्या सकाळी शर्यत पुन्हा. त्यांचीही तयारी होती, भला माणूस. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

आधी तिला विचारलं. ती म्हणाली, "माझ्या चौदा ओळी झाल्या होत्या. मी सरांकडे बघितलं पण. ते हसले. घंटा नाही, म्हणजे माझीच मोजणी चुकली असं वाटलं. सर कसे चुकतील?"

'सर कसे चुकतील' हे तिने प्रश्न म्हणून विचारलं नव्हतं. साधं सांगितलं होतं, सूर्य पूर्वेला उगवतो तसं.

मग मुख्याध्यापक मला म्हणाले, "काय कविराज, घंटा वाजली का, का तंद्रीत होतात?" कुणीतरी खुसखुसलं. आदल्याच आठवड्यात मी सातवीचा तास आठवीवर घेऊन आलो होतो, ते ताजं होतं. तू वाकून माझ्या कानात म्हणालास, "यमक्या, एक ओळ लिही. उद्या पळू दे पोरीला." 'ओळ लिही' असं तू मला पहिल्यांदाच सांगितलंस.

माझ्यापुढे कागद होता. चूक झाली, एवढं लिहायचं होतं. तंद्रीचा माणूस म्हणून नाव आधीच होतं, आणखी एकदा हसले असते, संध्याकाळी विसरले असते. पण मी लिहिलं असतं तर ती ओळ, माझी सोन्यासारखी ओळ, आयुष्यभर त्या हसण्यात बुडाली असती. एवढंच कारण, शिट्टी. लोक नोकरीसाठी खोटं बोलतात, पोटासाठी बोलतात. मी एका ओळंजळीसाठी बोललो. बघ, शब्दसुद्धा चुकला, ओंजळीसाठी. खोडत नाही, राहू दे.

मी लिहिलं, "घंटा वेळेवर वाजवली. गलक्यामुळे ऐकू गेली नसावी." खाली वळणदार सही.

तू सगळं पाहिलं होतंस. सुरुवातीच्या रेघेवर उभा राहून तुझी नजर घंटेवरच असायची. तू मला खोटं पाडू शकला असतास. तू कागद वाचलास, म्हणालास, "ठीक आहे," आणि शिट्टी गळ्यातून काढून खिशात ठेवलीस. वर्ष संपलं तेव्हा बदली मागून घेतलीस. स्टाफरूममध्ये निरोपाचं भाषण मी केलं. तू ऐकलं नाहीस, खिडकीतून मैदान बघत होतास.

टिटवी पुन्हा पळाली नाही. शाळा पुरी केली आणि कुठेतरी निघून गेली. तिचा बाप मात्र माझ्या सायकलीत हवा भरत राहिला. मास्तरांची सायकल म्हणून रोज, मी न मागता. मी त्याला तिची चौकशी कधी केली नाही. भीती वाटायची, तो सांगेल.

आणि ऐक, सगळ्यात हसण्यासारखं पुढे आहे. त्या वर्षीच्या शाळेच्या अंकात मी नव्या ओळीसकट कविता छापली. जुनी ओळ वहीत खोडली ती अशी गडद, की कागद फाटला. आता जानेवारीत घंटा वाजवायची म्हणून मी कविता म्हणायला बसतो, आणि अकराव्या ओळीशी आलो की नवी ओळ मला म्हणवत नाही. तोंडच उघडत नाही. आणि जुनी आठवत नाही. यमक लंगडं होतं, तेवढंच आठवतं. अर्थ काय होता, शब्द काय होते, काहीच नाही. अंकाच्या आधीची एकही प्रत कुणाकडे नाही, आणि जुन्या पोरांना विचारलं तर तीही छापलेलीच ओळ म्हणून दाखवतात. तुला आठवते का? तुला कुठून आठवणार, तू तर फक्त आकडा विचारला होतास.

हिला हे सगळं सांगितलं. मला वाटलं, चकित होईल. ती वाती वळल्यासारखी शांतपणे कापूस निवडत होती उशीसाठी. म्हणाली, "मी नर्सताईंच्या शेजारी उभी होते. घंटेवरच लक्ष होतं माझं. तुम्ही वाजवताना छान दिसायचात."

"मग बोलली का नाहीस?"

"एकतीस वर्षं वाट बघतेय, तुम्ही बोलाल म्हणून."

तुझा,
यमक


१९ जानेवारी

प्रिय शिट्टी,

काल झालं. सांगतो.

ओळ काही आठवली नाही. शेवटी हिने शिवणाच्या डब्यातली चौदा बटणं मोजून दिली आणि म्हणाली, "कवितेवर भिस्त नको. एक फेरी झाली की एक बटण उजव्या खिशातून डाव्या खिशात." मी म्हटलं, खेळाला असं रुक्ष करू नये. ती म्हणाली, "अहो, बटणं तुमच्याच जुन्या सदऱ्यांची आहेत, घाला त्यात कविता."

धुकं उशिरापर्यंत उठलं नाही. मुली धुक्यात शिरायच्या आणि माझ्यापुढे एकदम उमटायच्या, जणू कुणीतरी त्यांना नुकतंच लिहिलं असावं. मी एकेक बटण टाकत होतो. ही शेजारी बसून तोंडाने आकडे म्हणत होती, मला चिडवायला. चौदावं बटण पडलं आणि मी घंटा वाजवली. टण्ण. खरी घंटा माझ्या आठवणीतल्या घंटेपेक्षा बरीच बसकी आहे. तिला तडा गेलाय बहुधा. पण पुढची मुलगी ती ऐकून अशी सुटली की माझे डोळे भरले. हिने न बघताच रुमाल दिला.

मग बाईंनी माइक माझ्या हातात दिला, जुन्या आठवणी सांगा म्हणून. माइक आधी शिट्टी वाजावी तसा किंचाळला. मी म्हटलं, "हाही तुझीच आठवण काढतोय," पण ते कुणाला कळलं नाही. मग मी सांगितलं. एकतीस वर्षांपूर्वी याच गोलावर, मुलींच्या तीन हजारला, मी घंटा वाजवली नाही. वाजवली असं लिहून दिलं. टिटवी जिंकायची होती. खेळाच्या सरांनी मला खरं लिहायला सांगितलं होतं, मी लिहिलं नाही.

मला वाटलं होतं, आभाळ कोसळेल. पुढच्या रांगेतल्या एका छोट्या मुलीने विचारलं, "आता बक्षिसं का?" मागे ट्रॉलीवर कुणाचा तरी फोन वाजला. बाई मात्र उठून उभ्या राहिल्या होत्या, पांढऱ्याफटक. म्हणाल्या, "सर, हे मी शाळेच्या फलकावर लिहून घेते. निकालासमोर. तुमच्या सहीने." मी म्हटलं, घे. समास सोडून लिही.

पहिल्या रांगेत खुर्चीत सायकलवाला बसला होता. आता ऐकू फार कमी येतं त्याला. हिने जाऊन त्याच्या कानाशी सगळं पुन्हा सांगितलं. मी समोर उभा, परीक्षेला बसलेल्या पोरासारखा. त्याने बराच वेळ मान हलवली. मग म्हणाला, "मास्तर, किती वर्षं हवा भरली मी तुमच्या चाकात?"

"सगळीच."

"आता ती काढून घेतो म्हटलं तर घेता येईल का?"

तो आपल्या हातांकडे बघत होता. ते अजून काळेच आहेत.

"तिने मला तेव्हाच सांगितलं होतं," तो म्हणाला. "बाबा, सरांनी घंटा मुठीत धरली. मी म्हटलं, गप, मास्तर खोटं कशाला बोलतील. पोरीवर नाही विश्वास ठेवला मी, तुमच्यावर ठेवला. ते माझं मला बघावं लागेल. तुमचं तुम्ही बघा."

मी विचारलं, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा, ती कुठे असते?

"समुद्राकडे. शाळेत मास्तरीण आहे, खेळाची. तुमच्या त्या शिट्टीवाल्या सरांनीच नेली तिला तिकडे, शिकवली, आपल्या जागी लावली. त्यांना आता दिसत नाही ना. तीच जाते रोज संध्याकाळी, पेपर वाचते, टपाल वाचते त्यांना."

टपाल वाचते.

शिट्टी, रात्रभर नाही म्हणत, पण सकाळपासून मी ती दोन कार्डं समोर ठेवून बसलो आहे. 'ढ'ची गाठ बघतो आहे. माझी चार पत्रं कुणी कुणाला वाचून दाखवली? "मग टिटवी आली" हे कुणाच्या आवाजात ऐकलंस तू? आणि लोलक मुठीत धरला, ते वाचताना तिचा आवाज थांबला का रे? "पुढे?" हे तू विचारलंस, की तू गप्प होतास आणि तिनेच

थांब. दार वाजलं.

ही गेली आहे उघडायला. शेजारची मुलं असतील, फलकावरचं वाचून आली असतील, किंवा चेंडू आला असेल आत. मी पत्र पुरं करतो.

मुलं नाहीत. बाईमाणसाचा आवाज आहे. उंबऱ्याशी उभी राहून हिला विचारते आहे, हसत की कसं ते कळत नाही, "बाई, येऊ काय?"

ही म्हणाली, "ये की. केवढी झालीस गं." आणि मग मला, "अहो, ते पेन ठेवा आता."

ठेवतो. उठवत नाहीये. दारातून मला तिचे पाय तेवढे दिसताहेत, लांब, बारीक, धुळीने भरलेले. थांब्यापासून चालत आलेली दिसते. ती आत येत नाही. तिथूनच बोलते आहे, एका दमात, तसंच कर्कश, वर्गात पाठ म्हणून दाखवायची तशी. मी शब्द आहेत तसे उतरवून घेतो आहे, शिट्टी, म्हणजे पुन्हा हरवणार नाहीत:

"अकरावी ओळ, सर. दमला ओढा वळणावरती, बसला नाही खाली."